बिजाचा मेंढा

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात माडग्याळ नावाचं गाव आहे. त्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी मेंढी ज्यानं पाहिली नसेल त्याला शब्दांनी दाखवणं अवघड. पाय उंच, अंग लांब, पांढऱ्या कातडीवर तपकिरी ठिपके, आणि नाक असं फुगीर, बाकदार की कळपात लांबूनही ओळखू यावं. या नाकावर भाव ठरतो. २०२० साली आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकानं ती नाकारली, असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. शहरातल्या लोकांनी बातमी वाचून हसून घेतलं. जतच्या धनगरवाड्यांवर कुणी हसलं नाही. तिथं सगळ्यांना ठाऊक होतं की पैसे मेंढ्याचे नव्हते, पुढच्या पिढ्यांचे होते.

याच तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या तात्यांची ही गोष्ट. तात्यांचं वय पंचाहत्तरीकडं झुकलेलं. बिजाचा मेंढा निवडावा तो तात्यांनीच, अशी पंचक्रोशीत ख्याती. चार महिन्यांचं कोकरू समोर धरलं की ते आधी नाक बघत, मग खूर, मग कोकराच्या आईची कास, आणि शेवटी विचारत, "ह्येची आज्जी कुणाच्या कळपातली?" उत्तर नीट मिळालं नाही तर कितीही देखणं कोकरू असो, मान हलवून बाजूला सारत.

तात्यांची नात गावातल्या शाळेत सातवीत होती. शाळेत विज्ञानाला नव्या बाई आल्या होत्या, माहेर वाईकडचं. त्यांनी वर्गात सहज विचारलं, उत्क्रांती म्हणजे काय सांगता येईल का कुणाला? पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात या नावाचा धडाच आहे, तेव्हा मुलांना काहीतरी येत असेल अशी त्यांची अपेक्षा. मुलांना एकच वाक्य येत होतं, तेही तालासुरात: माणूस माकडापासून झाला. तात्यांच्या नातीनं ते घरी जाऊन जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तात्या शाळेत. अर्ज त्यांनी कुणाकडून तरी लिहून आणला होता: माझ्या नातीस माकडाचा धडा शिकवू नये, ही नम्र विनंती. खाली सही, आणि सहीखाली ठसठशीत अंगठाही, न जाणो सही कमी पडली तर.

मुख्याध्यापक सरळ माणूस, पण वादाला भिणारा. वर्ष २०२३. दिल्लीच्या एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं, आणि त्यातलं अर्धंमुर्धं मोबाईलवरून फिरत जतपर्यंत आलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, दिल्लीनंच काढून टाकलंय म्हणतात. आपण कशाला अंगावर घ्यायचं? दहावीत काय ते बघतील."

बाईंनी शांतपणे सांगितलं की ते दिल्लीचं पुस्तक. आपलं बालभारतीचं; त्यात पाचवीला उत्क्रांती आहे, दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती असा आहे. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक महिन्याभरानं होती. अर्ज तिच्यापुढं ठेवायचं ठरलं, आणि बाईंनी मधला महिना मागून घेतला.

इथं थोडं थांबून सांगितलं पाहिजे. हा विषय शिकवताना माकडापासून सुरुवात करायची खोड आपल्याला कुणी लावली, कोण जाणे. डार्विननं ती केली नव्हती. १८५९ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण पाळीव जनावरांवर आणि झाडांवर आहे, आणि त्यात पानंच्या पानं कबुतरांवर खर्ची पडली आहेत. इंग्लंडातले शौकीन लोक चोच, पिसारा, मान बघून जोड्या लावत आणि एकमेकांशी ओळखही न सांगणारी कबुतरं तयार करत, हे त्यानं बारकाईनं पाहिलं; स्वतः कबुतरं पाळली. माणसाबद्दल त्या जाडजूड ग्रंथात जेमतेम एखादं वाक्य आहे. त्यावर तो बोलला १८७१ मध्ये, बारा वर्षांनी. वाचकाला आधी खुराड्यात नेलं, मग रानात, आणि माणूस अगदी शेवटी. आपण उलटं करतो. पहिल्याच तासाला घरच्या म्हाताऱ्याचा अपमान करून ठेवतो आणि मग म्हणतो, लोक अडाणी आहेत.

बाई कबुतरं शोधायला गेल्या नाहीत. त्या वाड्यावर गेल्या.

मेंढरं त्या आठवड्यात एका बागायतदाराच्या रानात बसवली होती, खतासाठी. तात्यांनी घोंगडं झटकून टाकलं, बाईंना बसायला सांगितलं आणि स्वतःच तोफ डागली.

"बाई, माझा आज्जा माकड नव्हता. पणजाबी नव्हता."

"नव्हताच, तात्या. मी त्यासाठी नाही आले. मला बिजाचा मेंढा कसा निवडतात ते शिकायचंय."

तात्यांना वाटलं, बाई वाद टाळतायत. पण प्रश्न त्यांच्या हातखंड्याचा होता. त्यांनी कोकरू ओढून नाक दाखवलं, पायाची हाडं चाचपायला लावली. सांगितलं की साधी दख्खनी मेंढी काळपट, आखूड, चिवट. ही उंच, मांसल. बाईंनी विचारलं, पहिल्यापासून ही अशीच होती का? तात्या हसले. त्यांच्या लहानपणी एवढं नाक कुठल्याच मेंढराला नव्हतं. ज्याचं जरा बाकदार त्याचं बीज ठेवायचं, बाकीचे नर खाटकाला. बापानं तेच केलं, आज्जानं तेच.

"म्हणजे नाक तुम्ही घडवलं?"

"घडवलं न्हाई. देणारा देतोय, आमी निवडतोय."

हे वाक्य बाईंनी वहीत उतरून घेतलं. पिढीगणिक थोडा थोडा फरक आपोआप पडतो, आणि कुणाचं बीज पुढं जायचं हे कुणीतरी ठरवतं. अख्ख्या सिद्धान्ताचे दोन्ही खांब म्हाताऱ्यानं घोंगड्यावर बसून रोवले होते.

"तुम्ही नसता तर कुणी निवडलं असतं?"

"कुनीच न्हाई. रानात कोण बसलंय निवडाय?"

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बहात्तरला तुमच्याकडं किती मेंढरं होती?"

१९७२ चा दुष्काळ माणदेशात, जत-आटपाडीकडं, कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांनी पाहिला ते अजून खडी फोडलेले दिवस बोलून दाखवतात. तात्या तेव्हा विशीत होते. मेंढरं घेऊन ते पाण्याच्या मागं कृष्णाकाठापर्यंत चालत गेले होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज हळू झाला. देखणी, जड अंगाची आधी गेली. जी बाभळीच्या शेंगा, वाळकी पानं, मिळेल ते खात होती, कमी पाण्यावर चालत होती, ती राहिली. परत आल्यावर कळपात कोकरं झाली ती त्यांचीच.

"मग त्या वर्षी बीज कुणी निवडलं, तात्या?"

तात्यांनी उत्तर दिलं नाही. नातीनं दिलं. "दुष्काळानं."

म्हातारा मात्र कच्चा नव्हता. संध्याकाळी बाई निघाल्या तेव्हा त्यांनी वाटेत गाठून खरा प्रश्न विचारला, आणि तो असा की चांगल्या चांगल्या पदवीधरांना सुचत नाही.

"बाई, तुमचं खरं धरलं. पर आज्जापास्नं आमी तीन पिढ्या निवडतोय. नाक वाकडं झालं, पाय लांब झाला. मेंढरू मेंढरूच राहिलं की! त्याचं घोडं न्हाई झालं. मग माकडाचा माणूस कसा?"

या प्रश्नाचे दोन तुकडे होते आणि बाईंनी एकच लगेच उचलला. माडग्याळी मेंढी आजच्या दख्खनीच्या पोटची का, असं त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, तसं कसं, दोघींची मूळ मेंढी एक असणार, दोघी भावकी. "माणूस आणि माकड यांचं नातं पुस्तकात तेवढंच लिहिलंय, तात्या. भावकी. माकड तुमचा आज्जा नाही. दोघांचा कुणी एक फार जुना पूर्वज होता, तो ना आजच्या माकडासारखा, ना आपल्यासारखा." तात्यांनी मान डोलावली. बांधावरून चाललेल्या खटल्यामुळं भावकीतल्या माणसाला माकड म्हणायला त्यांची तशी हरकत नव्हती.

दुसरा तुकडा वेळेचा होता. तीन पिढ्या पुरत नाहीत, तर किती पुरतात? इथं आकडा सांगून भागत नाही. कोटी म्हटलं की मुलं माना डोलावतात आणि शंभर कोटी व चारशे कोटी यांतला फरक कुणालाच कळत नाही, शिकवणाऱ्यालाही नाही. बाईंनी तात्यांच्या घरून आज्जीनं कातलेली लोकर मागून आणली आणि शाळेच्या पटांगणात सूत पसरलं: एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, म्हणून सूत झालं ४५ मीटर ४० सेंटिमीटर. पटांगण संपलं आणि शेवटचं टोक आलं मुतारीच्या भिंतीपाशी. तिथं आजचा दिवस. जिवाचे सर्वांत जुने पुरावे तिथून ३५ मीटर मागं. डायनोसॉर नाहीसे झाले ती जागा टोकापासून फक्त ६६ सेंटिमीटर. आपल्यासारखी माणसं आल्याला सुमारे तीन लाख वर्षं झाली, म्हणजे तीन मिलिमीटर. आणि माणसानं मेंढी पाळायला घेतली त्याला दहा हजार वर्षं धरली तर मिलिमीटरचा दहावा भाग. तात्यांच्या तीन पिढ्या दाखवायला मुलांनी सूत पिंजून बघितलं. त्या कुठंच दिसेनात.

तात्या भिंतीला टेकून सगळं पाहत होते. म्हणाले, "सूत आमचं, आकडा तुमचा. आकडा कुठनं आणला?"

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला प्रश्न आयुष्यात क्वचित भेटतो. पुस्तकात लिहिलंय, हे उत्तर त्यावर चालत नाही. बाई सगळ्यांना घेऊन गावकुसाच्या विहिरीवर गेल्या. विहीर नवी, काम चालू, यारी लावलेली. खोदणाऱ्यांचा मुकादम वडार, चाळीस वर्षं सुरुंग लावणारा. बाईंनी त्यालाच बोलायला सांगितलं. वर हातभर काळी माती, तो म्हणाला, मग मुरूम, मग मांजऱ्या, तो भोकाभोकाचा असतो आणि भोकांत पांढरे खडे सापडतात. त्याखाली काळा कातळ, सुरुंगाशिवाय हलत नाही. कातळ फुटला की तांबड्या गेरवट मातीचा पट्टा. आणि त्याखाली?

"परत मांजऱ्या. परत कातळ. जिथं खणाल तिथं ह्योच पाढा."

बाईंनी तो पाढा मुलांना उलगडून दाखवला. लाव्हा जमिनीला पडलेल्या भेगांतून वर आला आणि पसरला. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले, तिथं मांजऱ्या झाला. आतला लाव्हा सावकाश थिजला, तिथं कातळ. मग ज्वालामुखी निजला. उघड्या पडलेल्या त्या थराच्या माथ्यावर ऊन-पाऊस होत राहिलं, दगडाची माती झाली, आणि पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन पसरला तेव्हा ती खाली दाबली गेली. तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांमधली सवड.

"तात्या, दगडाची हातभर माती व्हायला किती पावसाळे लागतात?"

तात्यांच्या माळावर एक उघडा कातळ होता. त्यांचा आज्जा त्यावर बसून भाकरी खायचा. त्यावर अजून चिमूटभरही माती धरली नव्हती. त्यांनी विहिरीत डोकावून तांबडा पट्टा पुन्हा बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढची सहल वाईला न्यायची, हे मग ओघानंच आलं. पालक म्हणून तात्या एसटीत पुढच्या बाकावर. कराडजवळून जाताना बाईंनी सांगितलं की इथं हजारमाचीला भूकंपाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का तात्यांना आठवत होता. भांडी पडली होती, कुत्री रडली होती. तो धक्का कशानं झाला हे समजून घ्यायला कोयना खोऱ्यात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, २०१७ साली ते पुरं झालं. वरचे सुमारे साडेबाराशे मीटर नुसते लाव्ह्याचे थर, एकावर एक. त्याखाली एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मुलांना सूत आठवलं: पंचवीस मीटर मागं.

पसरणी घाटात गाडी थांबवली. समोरच्या डोंगराला पायऱ्या पडलेल्या, प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट, आणि रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात अधूनमधून तोच तांबडा पट्टा. तात्या मोजत गेले. वर पाचगणीच्या टेबललँडवर जांभा. तो कठीण माथा टिकला, आणि भोवतालचं खोदून कृष्णेनं खाली नेलं, आमच्याच सांगलीकडं. बाईंनी खाली दिसणाऱ्या वाईकडं बोट दाखवलं. गणपतीमुळं आणि विश्वकोशामुळं आपण वाई ओळखतो. जगभरचे भूशास्त्रज्ञ या खडकांमुळं ओळखतात. दख्खनच्या लाव्ह्याच्या वरच्या थरांना त्यांनी वाई उपगट असं नाव दिलं, आणि त्यातल्या तीन थरसमूहांची नावं पोलादपूर, अंबेनळी आणि महाबळेश्वर. याच घाटांतल्या तांबड्या पट्ट्यांतून झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण वेचले गेले. त्या कणांत युरेनियम असतं आणि त्याचं ठरलेल्या गतीनं शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की वय कळतं. ते निघालं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं, डायनोसॉर संपले त्याच्या आगेमागे. आकडा इथून आणला, तात्या, असं बाई म्हणाल्या.

नातीनं विचारलं, मग आपल्या विहिरीत डायनोसॉरची हाडं का नाहीत? बाईंनी सांगितलं की लाव्ह्यात हाड टिकत नाही. ती हवी तर लाव्ह्याखालच्या गाळाच्या खडकांत शोधावी लागतात, विदर्भात, चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला. सातारा-सांगलीच्या दगडांत वेळ आहे, हाडं नाहीत. जे आपल्याकडं नाही ते नाही म्हणून सांगणं हाही विज्ञानाचाच धडा, आणि आपल्या शाळांत तो सर्वांत कमी शिकवला जातो.

समितीची बैठक ठरल्या दिवशी झाली. मुख्याध्यापकांना वाटत होतं तात्या अर्ज मागं घेतील. त्यांनी चहाही मागवून ठेवला होता.

तात्या उभे राहिले. "अर्ज मागं घेत न्हाई," ते म्हणाले. "मेंढराचं मला पटलंय. दगडाचं पटलंय. माणसाचं अजून पटलं न्हाई, आणि ते पटंस्तोवर मी विचारणार." समितीतले दोघे-तिघे खूश झाले. पण तात्यांचं संपलं नव्हतं. "पर अर्ज लिवणाऱ्यानं चुकीचं लिवलंय. खोडा आणि असं लिवा: ह्यो धडा वर्गात बसून शिकवू नये. पोरांना वाड्यावर आणावं, विहिरीवर न्यावं, आणि म्हाताऱ्यांनी विचारलं तर उत्तर द्यावं."

समितीनं अर्ज दुरुस्तीसह एकमतानं मंजूर केला. मुख्याध्यापकांनी तो इतिवृत्तात चिकटवला, आणि बिजाचा मेंढा कसा निवडावा या विषयावर सातवीच्या वर्गापुढं पहिला तास तात्यांनी घेतला.